चौसष्ट जीबी आणि एक तोळा

घरी कॉम्प्युटर जुळवून घ्यायचा ठरलं तेव्हा पहिला प्रश्न निघाला तो सोन्याचा. आमच्या स्टाफरूममधल्या बायकांची भिशी आहे, तिचा माझा नंबर डिसेंबरात लागला. आधीची थोडी शिल्लक घालून एक लाख रुपये हाताशी आले. नणंदबाई म्हणाल्या, "भाभी, पोरगी बावीस वर्षांची झाली. त्याचं सोनं घेऊन ठेवा. मशीनचं काय, चार वर्षांनी भंगारवाला नेईल." म्हणणं खोटं नव्हतं. पण तेव्हा सोन्याचा भाव तोळ्याला सव्वा लाखाच्या पुढे गेला होता. लाखात पुरता एक तोळाही येत नव्हता. लेकीचं काम मात्र लाखात भागणार होतं.

तिचं काम काय ते आधी सांगते, कारण कोणता भाग घ्यायचा हे त्यावरूनच ठरलं. बीएससी आयटी झाल्यावर तिला एका छोट्या कंपनीचं घरबसल्या काम मिळालं आहे. भारतीय भाषांमधला मजकूर साफ करायचा, डेटाबेसमध्ये लावायचा आणि त्यावर चालणारे प्रोग्रॅम लिहायचे. मशीन स्वतःचं हवं, ही अट. पहिला टप्पा फेब्रुवारीअखेर द्यायचा. वेळेत झाला तर वर्षाचा करार. उलव्यातून रोज मुंबईला जाऊन येणाऱ्यांना विचारा, घरबसल्या नोकरी म्हणजे किती तास वाचतात.

आणि रात्री तिचं स्वतःचं एक काम चालतं, ज्यात मीही अडकले आहे. उर्दू शाळेतल्या मुलांना मी मराठी शिकवते. आमच्या मुलांना मराठी परकी वाटते, पण हजर, खर्च, जमीन, वकील, तारीख हे शब्द त्यांच्या घरातलेच असतात. अडचण होते ती दोन्हीकडे सारख्या दिसणाऱ्या, पण वेगळं बोलणाऱ्या शब्दांची. उर्दूत 'फाजिल' म्हणजे विद्वान. मराठीत 'फाजील' म्हटलं तर मुलगा रडेल. उर्दूतली 'शिकस्त' म्हणजे हार, मराठीत माणूस प्रयत्नांची शिकस्त करतो. उर्दूत 'इमला' म्हणजे शुद्धलेखन, मराठीत इमारत. 'खाली' तर रोजचंच: एकीकडे रिकामं, दुसरीकडे जमिनीवर. फारसीतून मराठीत आलेल्या शब्दांचा कोश माधवराव पटवर्धनांनी, म्हणजे कवी माधव जूलियनांनी, १९२५ मध्ये केला. तो मोठ्यांसाठी आहे. सातवीतल्या मुलाला हवं असतं ते असं की, उर्दू शब्द टाकावा आणि तो मराठी वाक्यांत कसा वापरतात ते समोर यावं. लेक तेच बनवते आहे.

त्यासाठी वाक्यं लागतात, आणि पुष्कळ लागतात. पुण्याच्या एल३क्यूब गटाने २०२२ मध्ये मराठीचा जो खुला संग्रह दिला त्यात जवळपास २ कोटी ४८ लाख वाक्यं आहेत. आयआयटी मद्रासच्या 'एआय४भारत'चा २०२१चा 'समानांतर' हा जोडवाक्यांचा संग्रह इंग्रजी आणि ११ भारतीय भाषांचा आहे; त्यात मराठी आहे, उर्दू नाही. पुढे २०२३ मध्ये त्यांच्याच नव्या संग्रहात २२ भाषा आल्या, उर्दूही आली. पण तिथेही प्रत्येक भाषा जोडलेली आहे ती इंग्रजीशी. उर्दू आणि मराठी थेट शेजारी बसवायच्या तर एक यादी मराठी-इंग्रजीची, दुसरी उर्दू-इंग्रजीची घ्यायची आणि ज्या इंग्रजी वाक्याला दोन्हीकडे जोड आहे ते उचलायचं. दोन वर्गांची हजेरीपुस्तकं समोर ठेवून सख्खी भावंडं शोधण्यासारखं. फक्त पुस्तकं लाखो ओळींची.

त्यात आपल्या लिप्या जागा जास्त खातात. 'मराठी' हा शब्द रोमन लिपीत लिहिला तर ७ बाइट, उर्दूत लिहिला तर १२, देवनागरीत १५. हे झालं डिस्कवर. पायथनमध्ये तोच शब्द सुटा ठेवला की मेमरीत चार-पाच पट जागा घेतो. वर साफसफाई: उर्दूचे 'काफ' आणि 'ये' दोन-दोन क्रमांकांनी साठवलेले सापडतात, एक अरबी कीबोर्डचा, एक उर्दूचा. डोळ्याला एकच अक्षर, मशीनला दोन. मराठीत 'दऱ्या'मधला र दोन तऱ्हांनी टंकला जातो. असा एकेक घोळ निस्तरायला सगळ्या डेटावरून पुन्हा पहिल्यापासून फिरावं लागतं.

हे सगळं ती करत होती कॉलेजच्या लॅपटॉपवर. ८ जीबी रॅम, फिरती हार्ड डिस्क. रात्री जोडणी लावून झोपायची आणि फजरला उठून बघायची तर मध्येच बंद पडलेली.

मग दुकानाच्या चकरा मारण्याआधी मी तिला वही दिली. बीएडला आम्हाला शिकवलं आहे की उपचारात्मक अध्यापनाच्या आधी नैदानिक चाचणी घ्यायची. मूल गणितात मागे आहे म्हणून सरसकट गणित शिकवत बसू नये, हातचा घेताना चुकतं की पाढा येत नाही ते बघावं. आठ दिवस तिने लिहिलं: काम कोणतं, किती वेळ लागला, त्या वेळी प्रोसेसर किती टक्के चालला, मेमरी किती भरली, डिस्क किती राबली. वही बघून आम्ही दोघी चकित झालो. तिच्या मित्रांनी प्रोसेसर नवा घे, ग्राफिक कार्ड घे असं सांगितलं होतं. वहीत प्रोसेसर बहुतेक वेळ वीस-पंचवीस टक्क्यांवर बसलेला. मेमरी ठिच्च भरलेली आणि डिस्क सतत शंभर टक्क्यांवर.

कारण सोपं आहे. मेमरी म्हणजे शिक्षिकेचं टेबल आणि डिस्क म्हणजे कपाट. पेपर तपासताना गठ्ठा टेबलावर मावला तर काम भराभर होतं. टेबल लहान असेल तर दर पेपरला उठून कपाटाकडे जावं लागतं. मेमरी भरली की मशीनही उरलेलं डिस्कवर ठेवतं आणि ये-जा करत बसतं. आणि कपाट तरी कसं? तिच्या लॅपटॉपची डिस्क मिनिटाला ५४०० फेरे घेणारी, म्हणजे सेकंदाला ९०. हवी ती नोंद वाचणाऱ्या टोकाखाली यायला सरासरी अर्धा फेरा, साडेपाच मिलिसेकंद. टोक सरकायला लागणारा वेळ वेगळा. विखुरलेल्या नोंदी वाचायच्या तर सेकंदाला शंभरही धड होत नाहीत. प्रोसेसर बिचारा वाट बघत बसलेला.

पायथनमध्ये डेटा हाताळायला 'पांडाज' नावाची जी लायब्ररी सगळे वापरतात, ती लिहिणाऱ्या वेस मॅकिनी यांनीच २०१७ मध्ये लिहून ठेवलं आहे की डेटाच्या पाच ते दहा पट मेमरी हाताशी असावी. सहा जीबीची फाइल असेल तर तीस ते साठ. पण तेवढ्यावर यादी न करता लेकीने आधी फुकटातला उपाय केला. सीएसव्ही फाइली 'पार्के' नावाच्या आखडलेल्या स्वरूपात ठेवल्या, आणि जोडणीचं काम 'डकडीबी'कडे दिलं. त्याला हवे तेवढेच रकाने वाचता येतात, आणि मेमरी पुरली नाही तर उरलेलं ते स्वतः शिस्तीत डिस्कवर उतरवून काम पुढे नेतं. एवढ्याने तिची मागणी १२८ जीबीवरून ६४वर आली. बाजारात जाण्याआधी इतके पैसे वाचलेले मी दुसऱ्या कुठल्या खरेदीत पाहिलेले नाहीत.

आणि ते वाचले म्हणूनच निभावलं. कारण २०२५च्या शेवटच्या तिमाहीत रॅमचे भाव उडाले होते. जगातली बहुतेक रॅम तीन कंपन्या बनवतात: सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. एआयच्या डेटा सेंटरना लागणारी महागडी मेमरी बनवण्याकडे त्यांचे कारखाने वळले आणि घरगुती गिऱ्हाईक मागे पडलं. ३ डिसेंबर २०२५ला मायक्रॉनने तर जाहीर केलं की घरगुती ग्राहकांसाठीचा 'क्रुशल' हा ब्रँडच आम्ही बंद करतो आहोत. कुठल्या तरी देशात यंत्राला भाषा शिकवण्यासाठी गोदामं उभी राहतात, आणि उलव्यातल्या एका पोरीला आपल्या भाषेचं काम करायला रॅम परवडत नाही. मला याची गंमत वाटली, लेकीला नाही वाटली.

हप्त्यांचा पर्याय होता. दुकानदार आणि मोबाइलवरची जाहिरात दोघेही सांगत होते, 'नो कॉस्ट ईएमआय' घ्या. यात बँक व्याज लावतेच. तेवढी सूट विकणारा किमतीत देतो, आणि त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आपल्याकडून जातो. कार्डाच्या हिशेबात 'व्याज' असा शब्द छापून येतो. शून्य टक्के व्याज असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेनेच २०१३ मध्ये बँकांना बजावलेलं आहे. आमच्या घरी व्याज देणं-घेणं टाळतात, त्यामुळे विषय तिथेच मिटला. लाख म्हणजे लाख.

आता खरी निवड होती. नव्या पिढीचा प्रोसेसर आणि डीडीआर५ मेमरी घेतली तर लाखात ३२ जीबीच बसत होती. मागच्या पिढीचा एएम४ बोर्ड आणि डीडीआर४ घेतली तर ६४. डीडीआर४ही महागलीच होती, पण आवाक्यात होती. बाजार सांगतो नवं घ्या, पुढे बदलता येईल. वही सांगत होती मेमरी आधी. आम्ही वहीचं ऐकलं.

एकदा हे ठरल्यावर बाकीच्या गोष्टी एकामागून एक ठरत गेल्या. प्रोसेसर रायझन ७ ५७००जी: आठ कोअर, सोळा थ्रेड. साफसफाईचं काम डेटाचे तुकडे करून सोळा जणांत वाटता येतं, तेव्हा कोअर लागतात. '५७००एक्स' थोडा सरस आहे, पण त्यात चित्र दाखवायची सोय नाही, म्हणजे वेगळं कार्ड आलं. 'जी'मध्ये ती आतच आहे, आणि डब्यात पंखाही येतो. त्याची एक उणीव अशी की एसएसडीशी तो जुन्या तिसऱ्या पिढीच्या वेगानेच बोलतो, सेकंदाला साडेतीन हजार एमबीच्या आसपास. तर मग त्याहून वेगवान एसएसडीवर पैसे कशाला घालायचे? तिथे वाचलेले पैसे आम्ही एसएसडीच्या जातीवर घातले. स्वस्त एसएसडीत एका घरात चार बिट कोंबलेले असतात, तिला क्यूएलसी म्हणतात. थोडा वेळ भरभर लिहिते आणि आतली राखीव जागा भरली की एकदम मंदावते. डेटाबेसचं लिहिणं तासन्‌तास चालतं. म्हणून तीन बिटांची टीएलसी घेतली, आणि डब्यावर टीबीडब्ल्यू किती ते वाचून घेतली. बऱ्याच चांगल्या १ टीबी एसएसडीवर ६०० टीबी लिहिण्यापर्यंत हमी असते.

शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही दोघी निघालो. बामणडोंगरीहून नेरुळ, तिथून कुर्ला, मग दादर आणि ग्रँट रोड. लॅमिंग्टन रोडचं कागदावरचं नाव डॉ. भडकमकर मार्ग, पण तो पत्ता विचारलात तर कोणी सांगणार नाही. इथे पाच दुकानांत पाच भाव मिळतात आणि सहावा दुकानदार पहिल्या पाचांचे भाव तुमच्या तोंडून काढून घेतो. लेकीकडे छापील यादी होती, ती तिने कुणाच्या हातात दिली नाही. एकेका वस्तूचा भाव विचारत गेली. तिसऱ्या दुकानातला माणूस माझ्याकडे बघून म्हणाला, "मॅडम, बिना कार्ड के डेटा का काम कैसे होगा? एआय का जमाना है." लेकीने विचारलं, "पोस्टग्रेस का इंडेक्स बनाने में कार्ड क्या करेगा?" तो हसला. त्यानंतर त्याने माझ्याकडे बघून बोलणं सोडलं आणि तिच्याशी बोलू लागला, आणि खरेदी शेवटी त्याच्याकडूनच झाली.

ग्राफिक कार्ड वाईट नाही. मॉडेल शिकवायचं असेल तर ते हवंच. पण तिला ते महिन्यातून दोनदा लागतं, आणि कॅगलवर आठवड्याला तीस तासांपर्यंत फुकट वापरायला मिळतं. मदरबोर्डवर त्याची जागा रिकामी आहे. करार झाला तर बघू.

कॅबिनेटसोबत फुकट मिणारा एसएमपीएस घेतला नाही. त्यावर ५०० वॉट लिहिलेलं असतं, आत काय असतं ते उचलल्यावर वजनावरूनच कळतं. वेगळा ५५० वॉटचा, ८० प्लस ब्राँझवाला घेतला. कॅबिनेट लेकीला काचेचं, रंगीत दिव्यांचं आवडलं होतं. मी जाळीचं, पुढे धुळीचं फिल्टर काढून धुता येईल असं घ्यायला लावलं. उलव्यात राहणाऱ्यांना कारण सांगायला नको. विमानतळासाठी उलव्याची टेकडी फोडली, नदी वळवली, आणि २५ डिसेंबरपासून विमानं उडू लागली तरी चारी बाजूंना इमारती चढतातच आहेत. सकाळी पुसलेल्या टेबलावर संध्याकाळी बोटाने 'अलिफ' काढता येतो. वर पावसाळ्यात खाडीची दमट, खारी हवा. फिल्टर धुवायचं काम माझ्याकडे आहे, दर जुम्याला.

यूपीएसवर मात्र घरात वाद झाला. हे म्हणाले, वीज गेली तर काम परत करेल, सहा हजार कशाला? हे जेएनपीटीजवळच्या कंटेनर यार्डात हिशेबाला आहेत, म्हणून लेकीने त्यांना त्यांच्याच भाषेत सांगितलं. "अब्बू, डेटाबेस आधी रोजकीर्द लिहितो आणि मग खतावणी करतो. मध्येच वीज गेली तर उठल्यावर रोजकीर्द वाचून खतावणी पुरी करतो. पण घरगुती एसएसडी कधी कधी लिहिलं नसताना 'लिहिलं' म्हणून सांगते. तेव्हाच वीज गेली तर रोजकीर्दच फाटते." ह्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "मग घे." ६०० व्हीए लिहिलेला यूपीएस साधारण ३६० वॉटच देतो, म्हणून हजाराच्या वरचा घेतला. मॉनिटरसकट दहा-पंधरा मिनिटं धरतो. सगळं नीट बंद करायला तेवढं बास.

मेमरीने एकटीने लाखातला तिसऱ्या हिश्शाहून जास्त खाल्ला. ३२च्या दोन पट्ट्या घेतल्या, चार स्लॉटांपैकी दोन मोकळे राहिले. दुकानदार जुन्या, काढलेल्या पट्ट्या स्वस्तात देत होता. लेकीने नाही म्हटलं. कामाच्या डेटात एक बिट इकडचा तिकडे झाला तर कळणारही नाही. नव्या पट्ट्यांवरही तिने पहिल्या रात्री मेमटेस्ट चालवली. पक्कं बिल घेतलं, प्रत्येक भागाचा सीरियल नंबर बिलावर लिहून घेतला. वॉरंटीला तोच नंबर विचारतात. जोडणी तिने घरीच केली, हॉलमध्ये चटईवर, जोहरपासून मगरिबपर्यंत. नणंदबाई बघायला आल्या होत्या. प्रोसेसर बघून म्हणाल्या, "एवढुसा? आणि याला एवढे पैसे?" मग निघताना हळूच विचारलं की त्यांच्या मुलाने बीकॉमनंतर असलं काही शिकायचं तर कुठे जावं.

वहीत आता नव्या नोंदी आहेत. फजरपर्यंत न संपणारी जोडणी एकवीस मिनिटांत होते. मेमरी चाळीस जीबीच्या वर फारशी जात नाही. सोळाही थ्रेड नव्वद टक्क्यांच्या पुढे चालतात, म्हणजे आता काम अडतं ते प्रोसेसरपाशी, आणि अडायचंच तर ते तिथे अडलेलं बरं. कंपनीचा टप्पा द्यायला अजून महिना आहे. रमजान मध्येच येतो, म्हणून ती रात्रीची पाळी वाढवते आहे.

'फाजील'ची पहिली यादी निघाली तेव्हा तिने मला उठवून दाखवली. फाजील लाड, फाजील आत्मविश्वास, फाजील बडबड. मधेच पंधरा-वीस वाक्यं अशी की फाजील हे माणसाचं नाव. ती मशीनला कळत नाहीत. त्यामुळे माझंही काम निघालं आहे: रोज शाळेतून आल्यावर शंभर वाक्यं तपासायची आणि लाल खूण करायची. उर्दू वर्णमालेत अजून 'जीम'वरच आहे.